मागच्या चाकांची हौस

गेल्या रविवारी सकाळी भाच्याचा पुण्याहून फोन आला. इथे इंग्लंडात माझा पहिला चहा नुकताच झाला होता, म्हणजे तिकडे जेवणं आटपून वामकुक्षीची वेळ. अशा अवेळी पुण्याहून फोन आला की आधी छातीत धस्स होतं. पण साहेबांचा आवाज अगदी खुशीत.

"मामा, आजोबांच्या फियाटला मागे डिस्क बसवतोय! किट मिळालंय. ब्रॅकेट, कॅलिपर, डिस्क, सगळं. हाउसिंगला भोकसुद्धा पाडायला लागत नाही. चार बोल्ट काढायचे, चार लावायचे. दिवाळीत आजीला घेऊन पाचगणीला जाऊ."

फियाट म्हणजे १९८१ सालची प्रीमियर पद्मिनी. बाबांनी १९८६ मध्ये सेकंडहँड घेतली आणि शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. कुर्ल्याच्या कारखान्याने मॉडेलचं नाव डिलाइटचं प्रेसिडेंट केलं, प्रेसिडेंटचं पद्मिनी केलं, आमच्या घराला त्याचा पत्ता नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक. मी विचारलं, "आणि पुढच्या चाकांचं काय?"

"ते नंतर बघू. किट मागचंच मिळालं. आणि दिसतात काय मस्त!"

फोनवर मी हो हो केलं. एवढ्या उत्साहावर लगेच पाणी कशाला ओता? पण रात्री झोप लागेना. मागच्या सीटवर एक्क्याऐंशी वर्षांची आई, मांडीवर तिचा तो डबा, आणि गाडी पसरणीचा घाट उतरतेय, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. म्हणून हे लिहायला बसलो. ताई, तू वाचतेसच. त्यालाही वाचायला लाव. चिडला तर चिडू दे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. जुन्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलवर डिस्क बसवणं ही बहुतेक वेळा नुसती हौस असते. हौसेला मोल नसतं हे खरं, पण ही हौस साधी नाही. सीट कव्हर बदलण्याच्या जातीतली तर मुळीच नाही. चांगली चालणारी गाडी त्यातून धोक्याची होऊ शकते, आणि होते ती अशी की नेहमीच्या चालवण्यात महिनोन्‌महिने कळतही नाही.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. मी स्वतः हा उद्योग करून बसलोय. आजवर सौ. सोडून घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

माझ्या एमजीबी जीटीचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. १९७२ सालची, हिरवी, तारांच्या चाकांची. एमजीबी म्हणजे इथली पद्मिनी म्हणा ना. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून निघाली, पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे सुटे भाग अजून आरामात मिळतात. पुढे पावणेअकरा इंची डिस्क, मागे दहा इंची ड्रम, आणि मागचा अ‍ॅक्सल म्हणजे एक जाड लोखंडी नळकांडं, पाटाच्या स्प्रिंगांवर टेकलेलं. आपल्या फियाटसारखंच.

मी घेतली तेव्हा तिचे मागचे ब्रेक जवळजवळ नव्हतेच. हँडब्रेक पार वर ओढला तरी उतारावर गाडी सरकायची. एखाद्या शहाण्या माणसाने ड्रम काढून आत काय झालंय ते पाहिलं असतं. माझी डिग्री मेकॅनिकलची आणि पोट भरतं सॉफ्टवेअरवर, म्हणजे दोन्हीकडचं अर्धवट शहाणपण अंगात पुरेपूर. मी म्हटलं, जुनं तंत्रज्ञान, असंच चालायचं. चला, बदलून टाकू.

किट आलं. खोक्यात काळ्या फोमवर सगळं मांडलेलं, दागिन्यांसारखं. दोन शनिवार लागले. मोठा नट, त्यातली सडकी स्प्लिट पिन, पुलर लावून हब काढणं, बॅकप्लेटचे चार बोल्ट, त्यांच्याच जागी कॅलिपरचं ब्रॅकेट, हबवर डिस्क, वर पुन्हा नट. काम खरंच अवघड नव्हतं. भाचा म्हणतो तसंच, चार काढायचे, चार लावायचे. तारांच्या चाकांतून ती चकचकीत तबकडी दिसायला लागली तेव्हा मी अंगणात खुर्ची टाकून अर्धा तास नुसता बघत बसलो होतो.

दोन गोष्टी तेव्हाच खटकायला हव्या होत्या. एक म्हणजे पेडल पूर्वीपेक्षा खोल जात होतं. मला वाटलं लाइनमध्ये हवा राहिली, म्हणून तीनदा हवा काढली. हवा नव्हतीच. कॅलिपरचा पिस्टन ड्रममधल्या व्हील सिलिंडरच्या पिस्टनपेक्षा खूप मोठा असतो, त्याला हलायला जास्त ऑइल लागतं, आणि मास्टर सिलिंडर मात्र जुनाच. तो बिचारा कुठून आणणार? दुसरी गोष्ट, हँडब्रेक पूर्वी लागत नव्हता तो आताही नीट लागत नव्हता. मी केबल आणखी ताणली. झालं.

पुढचे पाच महिने गाडी झकास चालली. कोरडा रस्ता, उन्हाळा, रविवारच्या चकरा. ज्याला त्याला वाकून चाकातून आत बघायला लावत होतो.

ऑक्टोबर २०२१. रात्रभर पाऊस पडून गेलेला, रस्त्यावर ओक आणि बीचच्या पानांचा ओला थर. लेक शेजारच्या सीटवर, तेव्हा अकरा वर्षांची. तिला पोहायच्या क्लासला सोडायला निघालो होतो. गावाबाहेर एक उतार आहे आणि उताराच्या तळाशी गोल चौक. वेग काही फार नव्हता, ताशी तीस मैल असेल. गिअर खाली टाकला, क्लच सोडला, स्टिअरिंग जरा डावीकडे वळवलं आणि ब्रेकवर पाय ठेवला. दाबला म्हणत नाही मी, ठेवला.

गाडीचं मागचं अंग निघून गेलं. दुसरा शब्द नाही. म्हणजे मी पुढे बघतोय आणि माझी पाठ उजवीकडून पुढे येतेय. स्टिअरिंग फिरवून काही उपयोग नाही. एक गिरकी, मग मागचं डावं चाक कट्ट्यावर आपटल्याचा आवाज, आणि गाडी ज्या रस्त्याने आलो त्याच रस्त्याकडे तोंड करून उभी. समोरून दुधाची गाडी येत होती, तिच्या ड्रायव्हरने वेळेवर थांबवली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. लेकीने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, हे मुद्दाम केलंत?"

नाही म्हणालो. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. कारण एका अर्थी मी मुद्दामच केलं होतं की! दोन शनिवार खर्च करून.

आता हे का झालं ते सांगतो. यात इंजिनियरिंगपेक्षा लहानपणीचा अनुभव जास्त कामाचा आहे. सायकल शिकताना वाळूवर नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला तर काय व्हायचं? मागचं चाक लॉक होऊन बाजूला घसरायचं आणि सायकल आडवी. चाक फिरतंय तोवर ते सरळ रेषेत धरून ठेवतं. फिरायचं थांबलं की त्याला पुढे जाणं आणि बाजूला जाणं सारखंच. बाबांनी मला चेतक शिकवली तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं, की पावसात पायातला ब्रेक जपून. लक्ष्मी रोडवर पहिल्या पावसात किती चेतक आडव्या पडायच्या, आठवतंय ना?

गाडीत पुढची चाकं आधी लॉक झाली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. तेही वाईटच, पण नाक पुढे राहतं, पाय उचलला की स्टिअरिंग परत येतं. मागची आधी लॉक झाली तर गाडी फिरते, आणि एकदा फिरायला लागली की तुमच्या-माझ्यासारख्याच्या हातात काही उरत नाही. म्हणूनच गाड्या बनवणारे मागचा ब्रेक मुद्दाम कमी ठेवतात. कंजुषी म्हणून नव्हे. युरोपातल्या नियमांतही एबीएस नसलेल्या गाडीसाठी हाच क्रम सांगितलाय, पुढची चाकं आधी लॉक व्हावीत.

किती कमी ठेवायचा? थोडा हिशोब करू. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

समजा माणसांसकट गाडी १२०० किलो, पुढे ६०० मागे ६००. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.३ मीटर (एमजीबीचंही तेवढंच आणि फियाटचंही जवळजवळ तेवढंच), आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला, गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट. १२०० गुणिले ०.८ गुणिले ०.५, भागिले २.३. उत्तर येतं सुमारे २०९ किलो. एवढं वजन मागून पुढे सरकतं. म्हणजे पुढे ८०९ आणि मागे उरले ३९१, एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. जेवढं वजन तेवढी पकड. तर मागच्या ब्रेकने एकूण कामाच्या फार तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जावं, त्यापलीकडे गेला की मागची चाकं आधी लॉक. ओल्या रस्त्यावर एवढा जोरात ब्रेक लागतच नाही, वजन कमी सरकतं, मागे चाळीस टक्क्यांच्या आसपास राहतं. मग वाटेल की पावसात मागचा ब्रेक जास्त चालेल. पण मी उतारावर होतो, उतारावर वजन आधीच पुढे झुकलेलं. वळत होतो, म्हणजे पकडीतला काही वाटा वळण्यात खर्च. आणि गिअर खाली टाकून क्लच सोडला होता, म्हणजे इंजिनसुद्धा मागच्याच चाकांना मागे खेचत होतं. सगळी बिलं एकाच खात्यावर. त्यात ब्रेकने आपलं बिल लावलं.

नंतर एका ओळखीच्या गॅरेजात रोलरवर गाडी चढवली तेव्हा कळलं, मागची चाकं पुढच्यांच्या जवळजवळ बरोबरीने ब्रेक ओढत होती. साहजिक आहे. पिस्टनचा व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं. ड्रममधून डिस्कवर आल्यावर त्यातला बराच जोर खर्ची पडतो, कारण ड्रमला स्वतःची एक मदत असते. पुढचा शू ड्रमला टेकला की फिरणारा ड्रमच त्याला ओढून आणखी घट्ट बसवतो. गाडीचीच गती गाडी थांबवायला राबते. डिस्कला ही मदत नाही, म्हणून तिला पिस्टन मोठा लागतो. पण नेमका किती मोठा, हे मूळ गाडी बनवणाऱ्यांनी मोजून ठरवलेलं असतं आणि किट बनवणाऱ्याने बाजारात जो कॅलिपर स्वस्तात मिळाला त्यावरून. कधी ब्रेक जास्त होतो, कधी उलटा कमी होतो. दोन्हीत फरक एवढाच की कुणी मोजलेलं नसतं. चार बोल्ट बसले म्हणजे बसलं असं समजायचं. बोल्ट बसणं आणि ब्रेक जमणं यांचा काय संबंध? पत्रिकेतले छत्तीस गुण जुळले म्हणजे संसार झाला का? :-)

आणि हे त्याच रोलरवर उघडं पडलेलं दुसरं प्रकरण, हँडब्रेक. माझ्या गाडीला ब्रेकची एकच लाइन आहे. अमेरिकेत जाणाऱ्या एमजीबींना १९६८ पासून दुहेरी लाइन आली, इथे ब्रिटनमध्ये मात्र ती १९७७ च्या मॉडेलपर्यंत आली नाही. म्हणजे माझ्या गाडीत एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. अशा वेळी उरतो तो हँडब्रेक. म्हणून इथल्या वार्षिक तपासणीत अशा गाडीच्या हँडब्रेकला वजनाच्या किमान २५ टक्के जोर मागतात. दुहेरी लाइन असेल तर १६ पुरतात. (चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना २०१८ पासून ही तपासणी माफ आहे. माझ्या मते चुकलेला निर्णय, पण तो वेगळा विषय.) ड्रममध्ये हँडब्रेक म्हणजे तेच दोन मोठे शू केबलने पसरायचे, साधं आणि दणकट. त्यातही एक शू पुढे जाताना घट्ट बसतो, दुसरा मागे जाताना. म्हणून चढावर उभी केली काय किंवा उतारावर, गाडी हलत नाही. माझ्या किटमध्ये कॅलिपरला एक लहानशी तरफ होती, पॅड एवढासा, त्याला जुनी केबल. पंचवीस टक्के सोडाच, सोळासुद्धा लागले नाहीत. पाच महिने मी लेकीला अशा गाडीतून हिंडवत होतो जिच्यात एक गंजका पाइप फुटला असता तर थांबायला काहीच नव्हतं.

गॅरेजवाले काका सत्तरीचे. रोलरवरून गाडी उतरवली, हात पुसले आणि एवढंच विचारलं, की जुने ड्रम फेकलेस का ठेवलेस?

आपल्या घरी फेकायची पद्धत असती तर! शेडमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. बॅकप्लेटसकट.

ते त्यांच्यासमोर उघडले तेव्हा मूळ दुखणं काय होतं ते दोन मिनिटांत दिसलं. अ‍ॅक्सलचं ऑइल सील गळत होतं, हबमागून तेल थेट ड्रममध्ये. लायनर तेलाने काळे, गुळगुळीत. एका बाजूचा व्हील सिलिंडर गंजून जाम. बॅकप्लेटमागे शू जवळ आणायला चौकोनी डोक्याचा एक स्क्रू असतो, तो कित्येक वर्षांत कुणी फिरवलाच नव्हता. आणि हँडब्रेकच्या केबलचा जोर दोन्ही चाकांत वाटणारी जी तरफ अ‍ॅक्सलवर बसते, तिच्या ग्रीसच्या निपलवर रंग चढलेला. एवढंच. दोन ऑइल सील, चार शू, दोन सिलिंडर, स्प्रिंगा, एक केबल. किटच्या पावपट खर्च झाला नाही. त्यानंतर गाडी पेडलला लगेच उत्तर द्यायला लागली आणि हँडब्रेक इतका लागायला लागला, की सौ. एकदा तो ओढलेलाच ठेवून गाडी काढायला गेली आणि इंजिन बंद पडलं. (हे तिला विचारून लिहितोय.)

तर माझी तक्रार डिस्कवर नाहीये, या विचारपद्धतीवर आहे. जुनी वस्तू नीट चालत नाही याचा अर्थ ती वाईट आहे असं धरायचं. ती पन्नास वर्षं कुणी साफ केली नाही, तेल गळतंय, स्क्रू फिरवला नाही, याचा हिशोबच नाही. आजीचं घड्याळ किल्ली न दिल्याने बंद पडलं तर त्यात बॅटरीचं यंत्र बसवायचं आणि वर सांगायचं, पूर्वीची घड्याळं बेकार.

भाच्याचे सगळे मुद्दे मला ठाऊक आहेत, कारण तेच माझेही होते. म्हणे सगळ्या नव्या गाड्यांना चारही डिस्क असतात. सगळ्या? भारतात आज विकल्या जाणाऱ्या लहान गाड्यांखाली वाकून बघ. स्विफ्टच्या मागे काय आहे? ड्रम. फोक्सवॅगनने २०२० मध्ये आयडी थ्री ही नवीकोरी विजेची गाडी आणली, तिला मागे काय लावलं? ड्रम! विजेच्या गाडीत मोटरच वेग कमी करते, मागचा ब्रेक क्वचित लागतो, उघडी डिस्क गंजून जाते, बंद ड्रम टिकतो. हे विचार करून घेतलेले निर्णय आहेत, मागासलेपण नव्हे. आणि ज्या गाड्यांना खरंच चारही डिस्क आहेत, त्यांच्यात मागचं चाक लॉक व्हायच्या आत त्याचा जोर सोडणारा एबीएस बसलेला असतो. फियाटमध्ये तो कोण सोडणार? आजोबा?

बरं, डिस्क श्रेष्ठ आहे हे कोण नाकारतंय? बर्मिंगहॅमच्या लँचेस्टरने १९०२ मध्ये पेटंट घेतलं आणि १९५३ मध्ये जॅग्वारने ल मांची चोवीस तासांची शर्यत डिस्कच्या जोरावर मारली, कारण तासन्‌तास तापूनही ती दगा देत नाही. पण उष्णता निर्माण होते पुढच्या चाकांत, कारण दोन तृतीयांश काम तिथेच होतं. १९५५ च्या सिट्रोएन डीएसने पुढे डिस्क दिल्या आणि मागे ड्रमच ठेवले. घाटात ड्रम तापून ब्रेक पातळ होतो हा मुद्दा खरा आहे, फियाटच्या बाबतीत तर शंभर टक्के. पण तो पुढच्या ड्रमचा. पुढे ड्रम आणि मागे डिस्क म्हणजे पुढचे तापून ढिले पडणार आणि मागचे तेवढेच ताजे राहणार. घाट उतरता उतरता सगळा तोल मागे सरकत जाणार. याहून उलटी रचना मला मुद्दाम शोधूनही सुचणार नाही.

पाण्यातून गेल्यावर ड्रम काही वेळ लागत नाहीत, हेही मान्य. डाव्या पायाने हलका ब्रेक ठेवून शंभर पावलं गाडी चालवायची, सुकतात. पॅड बदलणं शू बदलण्यापेक्षा सोपं, हेही मान्य. त्या स्प्रिंगा लावताना माझी नखं गेलीयेत. आणि कुणी शर्यतीत गाडी पळवत असेल, पुढचे ब्रेक आधीच वाढवले असतील, मागचा दाब कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह लाइनमध्ये टाकून रोलरवर मोजून घेत असेल, तर त्याने खुशाल मागे डिस्क घालाव्या. त्याला माझा नमस्कार. चौकातून वाकून बघणाऱ्यांसाठी घालणारा मात्र माझ्याच पंगतीतला.

मुंबईच्या हजारो काळ्यापिवळ्या पद्मिनी, पाच माणसं आणि कॅरिअरवर ट्रंका घेऊन, दशकानुदशकं याच चार ड्रमवर थांबल्या. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली ती वीस वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून, ब्रेक लागेना म्हणून नव्हे.

कायद्याचं थोडक्यात. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल आहे, बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ रचनेत फरक करता येत नाही असा. उद्या कुठे ठोकर झाली आणि विमावाल्याने चाकातून आत पाहिलं तर काय सांगणार आहेस ते आधी ठरव.

तर भाचेराव, आता तुझ्याशीच बोलतो. किट परत देता येत असेल तर दे, नसेल तर माळ्यावर ठेव. पैसे मी देतो, आजीला सांगू नकोस. मागचे ड्रम उघड. आत फुंकर मारू नकोस आणि कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पूस आणि फडकं पिशवीत बांधून टाक. आत तेल दिसलं तर सील गळतंय. ते बदलल्याशिवाय नवे शू घालशील तर महिन्यात तेही काळे होतील. ड्रमला आतून बोट फिरवून बघ, कडा लागली तर लेथवर मारून आण, पण दोन्ही बाजू सारख्या. चारही व्हील सिलिंडरची रबरं बदल आणि ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भर. ते हवेतलं पाणी शोषतं, दोन वर्षांनी बदलायचंच असतं. तुझ्या आजोबांनंतर कुणी बदललंय का?

मास्टर सिलिंडरला हात लावलास तर एक लक्षात ठेव. सगळे ड्रम असलेल्या त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत आत एक लहान व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला तो हवाच असतो. डिस्क असत्या तर त्याच दाबाने पॅड सतत घासत राहिले असते आणि घाट चढतानाच ब्रेक तापले असते. हे तुझ्या किटच्या कागदावर लिहिलंय का ते बघ आणि मला कळव.

एवढं करून गाडी रिकामी घेऊन खंबाटकीने एकदा वाईला जाऊन ये. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये. तरीही पुढचे ब्रेक पातळ वाटले तर पुढच्या डिस्कचं बोलू, आरटीओत विचारून. पाचगणीला जायचं तर मी आल्यावर जाऊ. विसाव्या तारखेला पोचतोय.

आणि कपाटाच्या खालच्या फळीवर बाबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात शूच्या जुन्या स्प्रिंगा सापडतील. त्या वापरू नकोस, ताण गेलेला असतो. नव्या आण. डब्यातच वाकडं टोक केलेला एक स्क्रूड्रायव्हर आहे, स्प्रिंग ओढायला त्यांनी स्वतः वाकवलेला. तो मात्र काढून ठेव.